उपसर्गाचा उपसर्ग

'उपसर्ग' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि शाळेत त्यातला एकच शिकवतात. पहिला व्याकरणातला: शब्दाच्या आधी लागून त्याचा अर्थ फिरवणारी अक्षरं. दुसरा रोजच्या व्यवहारातला: त्रास, पीडा, बाधा. डासांचा उपसर्ग होतो, शेजारच्या गुऱ्हाळाच्या धुराचा होतो. जैन कथांमध्ये तर तपाला बसलेल्या मुनींचा जो छळ होतो त्यालाही उपसर्गच म्हणतात, आणि सांगली भागात जैन वस्ती जुनी आणि मोठी असल्यामुळे हा अर्थ तिथल्या कानांना परका नाही. इंग्रजीच्या तासाला बसलेल्या पोराला मात्र हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याचं कारण दिसत नाही. 'हॅपी'ला 'अन' लागतो, 'पॉसिबल'ला 'इम' लागतो, 'रेग्युलर'ला 'इर' लागतो, 'ऑनेस्ट'ला 'डिस' लागतो, आणि असं का हे विचारलं तर 'पाठ कर' असं उत्तर मिळतं. एका नकारासाठी चार-पाच निरनिराळी खाती उघडून ठेवणारी ही भाषा पीडा या अर्थानेही उपसर्गाला पात्र ठरते.

संस्कृतात हा कारभार जास्त दांडगाईचा होता. 'हृ' हा एकच धातू घ्या. त्याला 'प्र' लागला की प्रहार, 'आ' लागला की आहार, 'सम्' लागला की संहार आणि 'वि' लागला की विहार. जेवण, मारामारी, कत्तल आणि बागेतला फेरफटका ही सगळी एकाच घरची मुलं. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो, असं जुन्या वैयाकरणांनी म्हणून ठेवलं आहे. त्यांनी मोजलेले असे पैलवान एकंदर 22. प्रत्येकाने धातूचा पट काढायचा आणि त्याला नव्या अर्थात चितपट करायचं, हा त्यांचा खेळ. इंग्रजी उपसर्गही आपल्या मुलखात हीच कुस्ती खेळतात अशी पाठ्यपुस्तकांची समजूत आहे. पण सातारा-सांगलीच्या बोलण्यात निकाल वेगळाच लागतो. तिथे उपसर्ग शब्दाला पाडत नाही. बोलणारा माणूस दोघांकडे बघतो, यातला कामाचा कोण ते ठरवतो, आणि बिनकामाच्याला आखाड्याबाहेर काढतो. हे अडाणीपणाने होत नाही, हिशेबाने होतं, एवढंच इथे सांगायचं आहे.

कृष्णाकाठच्या कुठल्याही बाजाराच्या गावात मोटार रिवायंडिंगची दुकानं असतात. पाटीवर 'रिवायंडिंग' असं ठळक लिहिलेलं असतं. आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि पोट फाडून ठेवलेल्या पाच-साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारी. पाटी वाचून आत गेलेला शेतकरी 'रिवायंडिंग' हा शब्द तोंडातून काढत नाही. तो म्हणतो, "वायंडिंग जळलंय, करून पाहिजे, ऊस वाळाय लागलाय." 'रि' म्हणजे पुन्हा. आता विचार करा, पहिल्यांदा वायंडिंग करायला कोणी मोटार इथे आणतं का? पहिलं वायंडिंग कारखान्यातच झालेलं असतं. या दुकानात जे होईल ते पुन्हाच होणार. मग 'पुन्हा' हे सांगून दुकानदाराच्या ज्ञानात कसली भर पडणार? रिवायंडिंग म्हणणारा माणूस 'मी परत घरी परत चाललो' म्हणणाऱ्यासारखा. शेतकऱ्याने 'रि' गाळला, कारण त्यात खबर नव्हती.

हेच दाखल्यांच्या बाबतीत. 1992 साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांतला पुढारलेला थर आरक्षणातून वगळायला सांगितला. त्याला नाव पडलं क्रिमीलेअर, म्हणजे दुधावरची साय. त्या सायीत आपण नाही असं सिद्ध करणारा कागद म्हणजे नॉन-क्रिमीलेअर. सरकारी मराठीत तो 'उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र' होतो, पण इतका श्वास कोणाकडे असतो? बारावीचा निकाल लागला की सेतू कार्यालयासमोर रांग लागते आणि रांगेतला बाप फोनवर सांगत असतो, "क्रिमीलेअर काढाय आलोय." व्याकरणाने बघितलं तर हा गृहस्थ आपण सायीतले आहोत असा पुरावा मागायला भर उन्हात उभा आहे. पण खिडकीतल्या कारकुनाचा एकदाही घोटाळा होत नाही. आपण श्रीमंत आहोत असा दाखला काढायला आजवर कोणी रांगेत उभं राहिलेलं नाही. तेव्हा 'नॉन' गेला काय आणि राहिला काय, सारखंच. अख्खा नकार वाक्यातून गळून पडतो आणि अर्थाला खरचटतही नाही. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने हा चमत्कार आहे. सेतूच्या खिडकीवर तो दिवसातून शंभरदा घडतो.

याहून एक पायरी वर लाचलुचपतीचं प्रकरण. लाच घेताना कोणी पकडला गेला की कट्ट्यावर बातमी येते, "तो अँटीकरप्शनमध्ये घावला." शब्दशः घेतलं तर तो इसम भ्रष्टाचारविरोधी कामात रंगेहाथ सापडला, म्हणजे त्याचा सत्कारच करायला हवा. पण ऐकणारा लगेच विचारतो, "किती घेतलेते?" इथे 'अँटी' गाळलेला नाही, पण त्याच्याकडून उलटेपणाचं काम काढून घेतलं आहे. अँटीकरप्शन हे आता एका खात्याचं आणि त्या खात्याच्या सापळ्याचं नाव झालं. सापळ्यात सापडला एवढं कळलं की पुरे. 'उंदीर उंदीरविरोधी पिंजऱ्यात सापडला' असं कोणी म्हणत नाही.

आता उलटी बाजू. जिथे खबर उपसर्गातच असते, तिथे शब्दाची गच्छंती होते. "पोरगं कुठल्या मिडियमला?" "सेमीला." सेमी म्हणजे अर्धं. कशाचं अर्धं, ते बोलत नाहीत, कारण सेमी मराठी नावाची शाळा अस्तित्वात नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, या तडजोडीला महाराष्ट्राने सेमी-इंग्रजी म्हटलं आणि बोलणाऱ्यांनी 'इंग्रजी' कापून टाकलं. उरलेला 'सेमी' आता नाम आहे. त्याला विभक्ती लागते, तो सेमीत जातो, सेमीतून निघतो, सेमीचा क्लास लावतो. सेमी हा शब्द उच्चारताना आईबापांच्या चेहऱ्यावर अर्धवटपणाची खंत नसते हेही बघण्यासारखं आहे. पूर्ण इंग्रजीची फी वाचली आणि निव्वळ मराठीचा शिक्का टळला, असा दुहेरी नफा त्या अर्ध्यात आहे. तहसील कचेरीतले 'नायब' तसेच. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द तहसीलदाराच्या आधी लागतो आणि त्याला दुय्यम करतो. लोकांनी तहसीलदार उडवला आणि दुय्यमपणालाच साहेब केलं: 'नायबसाहेब'. म्हणजे ही खोड इंग्रजीमुळे लागलेली नाही. पंक्तीला जो आला त्याच्या पानात हेच वाढलं गेलं.

सर्वांत ताजा दाखला कास पठाराच्या वाटेवर दिसतो. थोसेघर, बामणोली, कास, जिथे जिथे मागे डोंगर आणि पुढे धुकं मिळतं तिथे तिथे भाड्याचा लांब घोळाचा झगा घातलेली मुलगी आणि गॉगल लावलेला मुलगा एकमेकांकडे बघत उभे असतात. झग्याचा घोळ हवेत उडवून क्षणार्धात चौकटीबाहेर पळायचं काम करायला एक गडी स्वतंत्र ठेवलेला असतो. या प्रकाराला 'प्रीवेडिंग' म्हणतात. प्रीवेडिंग म्हणजे लग्नाआधीचं. लग्नाआधी बैठक होते, याद्या होतात, सुपारी फुटते, साखरपुडा होतो, मानपानावरून दोन मामा रुसतात. हे सगळं रीतसर प्रीवेडिंगच आहे. पण 'प्रीवेडिंग झालं का?' या प्रश्नाचा अर्थ फक्त फोटो काढून झाले का, एवढाच. इथे 'शूट' गेलं, आणि उपसर्ग लागलेल्या उरलेल्या तुकड्याने रुसलेल्या मामांसकट सगळ्या जुन्या विधींना 'लग्नाआधीचे' या पदावरून बेदखल केलं.

यावर भाषेची चाड असणाऱ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे सगळं इंग्रजी न कळल्यामुळे होतं, खुद्द इंग्रज असं बोलेल का? तर बोलतो. साताऱ्याच्या स्टँडवर जी लाल गाडी लागते तिला आपण बस म्हणतो आणि इंग्रजही बसच म्हणतो. मूळ शब्द लॅटिन, ओम्निबस, म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातला 'सर्व' हा अर्थ 'ओम्नि'मध्ये आहे, 'बस' ही नुसती विभक्तीची शेपटी. इंग्रजाने घोडा सोडून दिला आणि शेपूट धरून ठेवलं. आपण त्याच रीतीने वागलो असतो तर 'सर्वांसाठी'तला 'सर्वां' फेकून देऊन 'साताऱ्याची साठी किती वाजता?' असं चौकशी खिडकीवर विचारलं असतं. हे करून जो समाज प्रतिष्ठित राहिला, त्याने सेमीला नावं ठेवू नयेत.

आणि उपसर्गाचा अर्थ न कळण्याबद्दल बोलायचं तर खंबाटकी घाटात पेट्रोलच्या टँकरमागे गाडी अडकली असताना त्याची पाठ वाचावी. 'हायली इन्फ्लेमेबल'. 'इनकम्प्लीट' म्हणजे अपूर्ण, 'इनव्हॅलिड' म्हणजे अवैध, तेव्हा 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारं, असा सरळ हिशेब कोणीही करील. खरा अर्थ बरोबर उलटा. तो 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये एकसारखे दिसणारे दोन 'इन' होते आणि इंग्रजीने दोन्ही न पारखता उचलले. शेवटी विसाव्या शतकात अमेरिकेत आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनीच धोका ओळखून 'इन' काढून टाकायचा आग्रह धरला आणि नुसतं 'फ्लेमेबल' लिहायला लावलं. म्हणजे उपसर्ग लावला काय आणि काढला काय, अर्थ तोच: पेट घेईल. ज्यांची भाषा आहे त्यांनीच तिथे हात टेकले. टँकरवर शेजारी 'ज्वलनशील' असं लिहिलेलं असतं, त्यात असली भानगड नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा की परक्या भाषेतले उपसर्ग आपल्या कानाला अर्थ सांगत नाहीत म्हणून लोक ते हवे तसे वापरतात, आपले संस्कृत-मराठी उपसर्ग वापरले तर असं होणार नाही. या म्हणण्याला उत्तर द्यायला साताऱ्याइतकी योग्य जागा नाही. 1943 ते 1946 या काळात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात ब्रिटिशांना न जुमानता लोकांनी आपलं स्वतःचं सरकार चालवलं. वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते. कुंडल हे त्याचं एक मोठं ठाणं, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर हे त्यातले बिनीचे कार्यकर्ते. न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, कमी खर्चाची गांधी लग्नं लागत होती. या सरकारचं नाव चोख संस्कृत घडणीचं होतं: प्रतिसरकार. 'प्रति' हा 22 उपसर्गांच्या यादीतलाच एक. त्याचे अर्थ पुष्कळ: उलट, समोर, तोडीस तोड, प्रत्येक. त्यातला नेमका कोणता घ्यायचा हे शेतात राबणाऱ्या माणसाने कशावरून ठरवायचं? त्याने ठरवलं नाही. त्याने उपसर्गच बदलला. 'प्रति'चं झालं 'पत्री'.

पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी. फितूर, सावकारी छळ करणारे आणि गावगुंड यांच्या पायांना हे सरकार पत्र्या ठोकतं अशी बोलवा उठली, आणि एका निराकार उपसर्गाला लोखंडाचं वजन आलं. प्रत्यक्षात काय ठोकलं जात होतं आणि काय नव्हतं हा इतिहासकारांचा प्रश्न. शब्दापुरतं बोलायचं तर 'प्रतिसरकार'मध्ये उलट म्हणजे काय याचा विचार करावा लागतो, 'पत्रीसरकार' ऐकताच तळपायाला झिणझिण्या येतात. नावाने जे काम करायचं होतं ते या 'चुकीच्या' नावाने अनेक पटींनी केलं. व्याकरणाला प्रामाणिक राहून लोक 'प्रति' म्हणत बसले असते तर फितुरांची झोप इतकी उडाली असती का, याची शंका आहे. तेव्हा उपसर्ग न कळणं हा काही इंग्रजीचा खास गुण नाही. घरचा असो की दारचा, उपसर्गाला हात-पाय नसतात, आणि या मुलखाला हात-पाय असलेला शब्द लागतो.

घरच्या उपसर्गांची अवस्था बघायला इतक्या मागे जायचीही गरज नाही. 'उप' अधिक 'आहार' म्हणजे उपाहार, हलकं खाणं. पण कितीतरी पाट्यांवर 'उपहारगृह' असं लिहिलेलं असतं, आणि उपहार म्हणजे भेटवस्तू. या नियमाने बटाटेवडा फुकट मिळायला हवा. 'उपवास'मध्येही तोच 'उप' आहे आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस असा आहार होतो. म्हणजे 'उप' लावून कमी खायचं ठरलं तिथे कमी आणि न खायचं ठरलं तिथे जास्त. 22 पैलवानांपैकी एकाची घरच्या मैदानावर ही गत.

भूगोलाने तर उपसर्गांचा संसारच मांडला आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठचं तापोळा 'मिनी काश्मीर' आहे, जिल्हा परिषद 'मिनी मंत्रालय' आहे, वाई 'दक्षिण काशी' आहे. दक्षिण काशी म्हणवणारी गावं महाराष्ट्रात आणखीही आहेत, त्यामुळे काशी एक आणि दक्षिणा पुष्कळ असं झालं आहे. पण उपसर्गासारखं आधी लागणारं विशेषण लोकांच्या अंगाला कसं लागत नाही याचा खरा नमुना जिल्ह्यांच्या नावात आहे. 1949 साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि त्यांना उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी नावं दिली गेली. कागदोपत्री चोख काम. पण हे दक्षिण साताऱ्यात सांगलीकरांना बसवणं होतं. हळदीची पेठ त्यांची, नाट्यपंढरी म्हणून मिरवणारं गाव त्यांचं, आणि पत्त्यात मात्र साताऱ्याची दिशा. 1960 साली दक्षिण साताऱ्याचा सांगली झाला आणि उत्तर साताऱ्याच्या नावातला 'उत्तर' गळून नुसता सातारा उरला. जोपर्यंत दक्षिण होतं तोपर्यंत उत्तर सांगण्यात खबर होती. खबर संपली, शब्द गेला. रिवायंडिंगच्या दुकानातल्या शेतकऱ्याने जे केलं तेच इथे सरकारने राजपत्रातून केलं.

माणसांच्या पुढे लागणाऱ्या उपसर्गांत मात्र नुसता खबरीचा हिशेब चालत नाही, तिथे भीड आडवी येते. उपसरपंचाला समोरासमोर कोणी 'या उपसरपंच' म्हणत नाही. 'या सरपंच' म्हणतात, आणि खरे सरपंच शेजारी बसले असले तरी दोघेही 'या'ला मान डोलावतात. पाच वर्षांपूर्वी पद गेलेल्यालाही 'माजी' तोंडावर लावला जात नाही. तो मरेपर्यंत सरपंच, आमदार, चेअरमन असतो. 'माजी' आणि 'भावी' हे दोन उपसर्ग फक्त फ्लेक्सवर छापायचे. 'भावी आमदार' हा शब्दप्रयोग चौकातल्या फ्लेक्सवर बारा फूट उंच असतो, पण तो चहाच्या टपरीवर मोठ्याने उच्चारला की चेष्टा होते. अपवाद एकच, माजी सैनिक. गावाच्या नावालाच मिलिटरी जोडून घेतलेलं अपशिंगे ज्या जिल्ह्यात आहे तिथे हा 'माजी' मोटरसायकलच्या नंबरप्लेटशेजारी अभिमानाने रंगवलेला असतो. मंत्र्याला खाली उतरवणारा उपसर्ग सुभेदाराला वर चढवतो. तो काढला तर उलट माणसाची किंमत कमी होईल. सहकारातला 'सह' जाऊन नुसती 'कार' उरली, हा विनोद याच जातीचा आहे, पण तो आता कारखान्याच्या वजनकाट्याइतका जुना झाला असल्यामुळे त्याचा इथे नुसता उल्लेख पुरे.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. खबर कशात आहे हे बोलणारा ठरवतो असं म्हटलं, पण कागद लिहिणारा दुसराच असेल तर? मंगल कार्यालयाच्या पावतीवर बारीक अक्षरात 'नॉन-रिफंडेबल' छापलेलं असतं. तिथे क्रिमीलेअरसारखा 'नॉन' गाळून चालत नाही. पावसाने किंवा मामांच्या रुसण्याने तारीख पुढे गेली की त्या दोन अक्षरी उपसर्गाची खरी लांबी कळते. जिथे दोघांचं हित एक असतं तिथे उपसर्ग गळतो. जिथे एकाने गाळावा अशी दुसऱ्याची इच्छा असते, तिथे तो मुद्दाम बारीक छापलेला असतो. बोलीचा हिशेब बोलीपुरता, पावतीवर तो चालवणाऱ्याने अनामत रक्कम आधीच विसरावी हे बरं.

पण लोकांना उपसर्गाची किंमत कळत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा एन.ए. प्लॉटची चौकशी करावी. 'नॉन-ॲग्रिकल्चरल' यातला 'नॉन' आकसून एक 'एन' उरला आहे. सरकारी शब्द 'अकृषिक', तो फक्त आदेशावर दिसतो. जुना शब्द 'बिनशेती', तोही मागे पडत चालला. एकरात गुंठे 40 आणि गुंठ्यात चौरस फूट 1089, यातलं काही 'एन'मुळे बदलत नाही. माती तीच, विहीर तीच. पण 'एनए झालंय का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की गुंठ्याचा भाव असा उडी मारतो की 22 पैलवानांनी मिळून धातूला इतकं लांब फेकलं नसेल. त्यामुळे हा उपसर्ग कोणी गाळत नाही, कोणी बदलत नाही, उच्चारही स्पष्ट करतात. सांगली-इस्लामपूर रस्त्यासारख्या कुठल्याही वाहत्या रस्त्याला लागून अशी पाटी दिसते: 'एन.ए. बंगलो प्लॉट विकणे आहेत'. पाटीच्या खांबाला टेकून पुरुषभर ऊस उभा असतो, त्याला पाणी चालू असतं, आणि पाटीच्या कोपऱ्यात नीट बघितलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'एन.ए. प्रोसेसमध्ये'.